वजनाच्या ऑपरेशननंतर मोकळेपणानं बोलायला माणसं कशी शोधलीत?

रानजाई

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं स्लीव्हचं (जठराचा मोठा भाग कापून ते लहान करण्याचं) ऑपरेशन झालं, आता चौथा महिना सुरू आहे. दुर्बिणीतून केल्यामुळे पोटावर फक्त बारीक खुणा उरल्यात. सर्जन खूश आहेत. वजन उतरलंय, जिना चढताना दम लागत नाही, घोरणं जवळजवळ थांबलंय, रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली. ऑपरेशन केल्याचा पस्तावा अजिबात नाही, हे आधीच सांगते.

पण मनातलं बोलायला कुणी नाही. घरचे म्हणतात, "आता कसली काळजी? सुटलीस की!" ऑफिसात दोन तऱ्हा. काहीजणी रोज नव्यानं कौतुक करतात. काहीजणी माझ्यासमोरच म्हणतात, "हिनं सोपा रस्ता धरला." दोन्ही ऐकलं की मी गप्प होते. चार जणांत जेवायला बसले की माझं पाच-सहा घासांत आटोपतं, आणि पुढचा अर्धा तास हातांचं काय करायचं ते कळत नाही. पोट भरलेलं असतं, पण मन खाण्याभोवतीच फिरत राहतं. खाणं हा माझा विसावा होता. दिवसभराचा शीण त्यावर उतरायचा. तो विसावा गेला आणि त्या जागी अजून काहीच आलेलं नाही. घरात असं म्हटलं तर "मग ऑपरेशन कशाला केलंस?" हे ऐकावं लागेल.

त्यात केस मूठ-मूठ गळताहेत आणि तीन आठवड्यांपासून वजनाचा काटा हललेला नाही.

रुग्णांच्या एका मेसेज ग्रुपमध्ये गेले होते. तिथे दर रविवारी प्रत्येकानं किती किलो उतरले ते टाकायचं. ज्यांचं कमी उतरतं ते हळूहळू बोलेनासे होतात. एक बाई कसलीशी पावडर विकत असतात. एकानं तर बद्धकोष्ठ होतं म्हणून लोहाच्या गोळ्या सरळ बंद करा असं सांगितलं, आणि त्याला दहा जणांनी होकाराचे अंगठे टाकले. तेव्हापासून मी तो ग्रुप उघडत नाही.

तुम्हाला तुमची माणसं कशी सापडली? आणि सगळं चांगलं चाललेलं असताना असं उदास वाटणं इतरांनाही झालंय का?

पिंपळपान

रानजाई, हो, झालंय. मला झालंय आणि मी ज्यांना ओळखते त्यांतल्या बहुतेकांना कधी ना कधी झालंय. माझं बायपास (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडण्याचं) होऊन पाच वर्षं उलटून गेली, पण तुम्ही लिहिलेलं ते हातांचं काय करायचं हे वाचलं आणि थेट उत्तर लिहायला बसले.

आधी केस, कारण रोज आंघोळीच्या वेळी तेच डोळ्यांपुढे येतं. मोठं ऑपरेशन आणि झपाट्यानं उतरणारं वजन हा शरीराला धक्का असतो. त्यामुळे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त केसांची मुळं एकदमच विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि ते केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून ही गळती साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात दिसते. मुळं मेलेली नसतात, बहुतेकांचे केस परत येतात. मात्र प्रोटीन कमी पडत असेल तर गळती वाढते आणि लांबते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जातंय का ते मोजा. सर्वसाधारण सल्ला तेवढा असतो, तुमचा नेमका आकडा डाएटिशियन सांगतील. पुढच्या रक्ततपासणीत लोह, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि झिंकही बघायला सांगा. सहा-आठ महिने उलटूनही थांबलं नाही, किंवा वर्षभरानंतर नव्यानं सुरू झालं, तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

काटा अडकणं तर जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं. वजन सरळ रेषेत उतरत नाही. शरीर पाणी धरून ठेवतं, सोडतं, परत धरतं. तीन आठवडे काटा न हलणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं अजिबात नाही.

आता मनाचं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि तो भागही त्यातच जातो. म्हणून पोटाची भूक एवढी कमी होते. पण तुम्हाला जे छळतंय ते पोटातून येतच नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीनं तुम्हाला सावरलं ती एका सकाळी काढून घेतली, आणि त्याचं दुःख करायला कुणी सवडच दिली नाही, कारण सगळे अभिनंदन करण्यात गुंतलेले. ते दुःख खरं आहे. ऑपरेशनबद्दल समाधान आणि खाण्याबद्दल दुःख, दोन्ही एका वेळी असू शकतात. घरच्यांना हे पटवत बसण्यात शक्ती घालवू नका. ज्यांनी ते भोगलंय त्यांना अर्ध्या वाक्यात कळतं.

माझी माणसं कशी मिळाली ते सांगते. रुग्णालयात महिन्याला एक सभा व्हायची. तिथे गर्दी असायची ती मुख्यतः ऑपरेशनचा विचार करणाऱ्यांची. माहिती चांगली मिळायची, पण मला बोलायचं होतं ते तिथे निघायचंच नाही. मग एकदा रक्त द्यायला रांगेत बसले असताना शेजारची बाई छोट्या बाटलीतून एक घोट घ्यायची, थांबायची, परत एक घोट घ्यायची. तसं पाणी कोण पितं ते मला ठाऊक होतं. मी विचारलं, "स्लीव्ह की बायपास?" ती हसली आणि आम्ही दोघी नंबर पुकारेपर्यंत बोलत राहिलो. पुढे तिनं एकीला आणलं, डाएटिशियननी दोघांना आमच्याकडे पाठवलं. आज आम्ही आठ-दहा जण आहोत, कुणी येतं, कुणी मधे गायब होतं, परत येतं.

आम्ही भेटतो ते चालायला. हे मुद्दाम ठरवलं. माणसं एरवी भेटतात ती खाण्याच्या निमित्तानं, आणि आम्हाला नेमकं तेच नको होतं. शिवाय चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी सहज निघतात. लोंबणाऱ्या कातडीबद्दल, नवऱ्याच्या बदललेल्या नजरेबद्दल, आरशातला चेहरा परका वाटण्याबद्दल मी पहिल्यांदा बोलले ते असंच चालताना.

किलो सांगायचे नाहीत, हा आमचा पहिला नियम. औषध सुरू कर, बंद कर असं कुणी कुणाला सांगायचं नाही. हवं तर "चल, डॉक्टरकडे मी येते सोबत" म्हणायचं. विक्री नाही. इथलं बोलणं घरी न्यायचं नाही. आणि ऑपरेशनला चार-पाच वर्षं झालेलं कुणीतरी कायम सोबत असलंच पाहिजे.

हा शेवटचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षी तुमच्याभोवती माणसं असतात. तपासण्या जवळजवळच्या असतात, वजन उतरत असतं, लोक कौतुक करतात. साधारण १२ ते १८ महिन्यांत वजन सर्वांत खाली येतं. मग भूक थोडी परतते, काही किलोही परततात. असं अनेकांचं होतं, पण ते आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस हादरतो. आणि नेमक्या त्याच वेळी तपासण्या वर्षातून एकदा होतात, कौतुक थांबतं आणि मेसेज ग्रुप शांत झालेले असतात. आमच्यातली दोन माणसं त्या काळात लाजेनं डॉक्टरकडे जायची थांबली होती. त्यांना परत नेलं ते औषधानं नाही, "माझेही परतले होते, चल" असं म्हणणाऱ्या एकीनं. तुमच्या मेसेज ग्रुपमध्ये सगळेच पहिल्या वर्षातले असतील तर तिथे हे शहाणपण येणार कुठून?

दारूबद्दलही जुन्या माणसांकडूनच ऐकायला हवं. बायपासनंतर ती फार लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दारूच्या व्यसनाचं प्रमाण ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढलेलं दिसलं, विशेषतः बायपास झालेल्यांत. खाण्याचा विसावा गेला की मन दुसरा शोधतं, हे मी जवळून पाहिलंय. तुम्ही पीत नसाल तर खरेदी, मोबाइल, काहीही त्या जागी येऊ शकतं. आपण काय शोधतोय यावर लक्ष असू द्या.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या डाएटिशियनना किंवा फॉलोअपच्या नर्सना फोन करा आणि म्हणा, "स्लीव्ह झालेली, माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं पुढे असलेली, बोलायला तयार अशी एक व्यक्ती हवी आहे." त्या कुणाचा नंबर तुम्हाला परस्पर देणार नाहीत, देऊही नये. पण त्या व्यक्तीला विचारून तुमचा नंबर तिला देऊ शकतात. सुरुवातीला ग्रुप नकोच. एक माणूस पुरे.

नवाश्वास

मधे घुसतोय, माफ करा. माझं ऑपरेशन मागच्याच आठवड्यात झालं. पोटापेक्षा खांदा जास्त दुखतोय. हे नॉर्मल आहे का? सर्जनना एवढ्यासाठी फोन करायला संकोच वाटतो.

कंदील

मी डाएटिशियन आहे आणि ऑपरेशन झालेल्या रुग्णांसोबत काम करते. नवाश्वास, तुम्हाला आधी उत्तर देते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यामुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि तो खांद्यात जाणवतो. पहिल्या काही दिवसांत हे बऱ्याच जणांना होतं, हळूहळू चालत राहिल्यानं बरं वाटतं. पण आठवड्यानंतरही दुखत असेल तर ते मी किंवा इथलं कुणी ठरवू नये. आजच सर्जनना फोन करा. संकोच करू नका, असे फोन त्यांना अपेक्षितच असतात. आणि सोबत ताप असेल, नाडी शांत बसल्यावरही १२० च्या आसपास किंवा वर राहत असेल, पोटात वाढतं दुखणं, धाप, छातीत दुखणं किंवा एका पोटरीला सूज असेल, तर फोनवर न थांबता थेट इमर्जन्सीत जा. जठराला घातलेल्या टाक्यांच्या ओळीतून गळती किंवा रक्ताची गुठळी, या दोन गोष्टींत तासांना किंमत असते.

रानजाई, त्या ग्रुपमध्ये लोहाच्या गोळ्या बंद करायला सांगितलं हे वाचून फार वाईट वाटलं. बद्धकोष्ठ होत असेल तर लोहाचा प्रकार किंवा वेळ बदलता येते, पाणी वाढवता येतं. पण लोह, बी १२, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन ही कायमची सोबत आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मधे निदान दोन तास जाऊ द्या. बी १२ ची उणीव दिसायला कधी कधी वर्षं लागतात, तोवर माणसाला वाटतं की गोळ्यांवाचून आपलं छान चाललंय. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला, नंतर दरवर्षी रक्त तपासा.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक रुग्णाला दोनदा सांगते. उलट्या काही दिवस थांबत नसतील तर घरी वाट बघू नका. शरीरातला बी १ चा साठा थोड्याच आठवड्यांत संपतो आणि त्याच्या अभावी मेंदू आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, ही त्याची लक्षणं. रुग्णालयात गेल्यावर उलट्यांबरोबर ऑपरेशनचंही आवर्जून सांगा, कारण समोरच्या डॉक्टरना ते माहीत नसतं.

उदासीबद्दल पिंपळपान यांनी लिहिलं ते खरं आहे, त्याला माझी एक जोड. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मैत्रिणींसोबत मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. जगावंसं वाटत नाही असा विचार एकदा जरी आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. ऑपरेशननंतर काही जणांत स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत आढळलंय, म्हणून हे मी मोकळेपणानं लिहितेय. आधीपासून नैराश्याच्या गोळ्या सुरू असतील तर त्या देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनचं सांगा. विशेषतः बायपासनंतर काही औषधं पूर्वीसारखी शोषली जात नाहीत.

तिसरापहर

पिंपळपान, बाकी सगळं पटलं, पण किलो सांगायचेच नाहीत हे मला नाही पटत. मला आकड्यांनी बळ मिळतं. आम्ही तिघे मित्र दर महिन्याला एकमेकांना वजन कळवतो. पुरुष मनातलं लवकर बोलत नाहीत. आमच्यात आकडा सांगण्यापासूनच पुढचं बोलणं सुरू होतं. मागच्या महिन्यात एकाचा वाढला, तेव्हा त्याच फोनवर त्यानं नोकरी गेल्याचं सांगितलं. आकडा नसता तर त्यानं फोनच केला नसता.

पिंपळपान

तिसरापहर, हे मला आवडलं आणि मला पटलंही. तुम्ही तिघं एकमेकांना ओळखता, आकडा वाढला तरी फोन करता. तिथे आकडा चालतो. वीस-पंचवीस अनोळखी माणसांत ज्याचा आकडा मोठा त्याला टाळ्या मिळतात आणि बाकीचे घरी जाऊन रडतात. आमचा नियम त्या भीतीतून आला. आमच्यातल्या एकीची थायरॉइडची तक्रार होती, तिचं वजन सावकाश उतरायचं, आणि एका ग्रुपमध्ये तिला "चोरून खातेस का?" असं विचारलं होतं. तिच्यासाठी नियम केला, तो राहिला.

उंबरठा

माझ्या बायकोचं ऑपरेशन झालंय. रानजाई, तुमच्या घरचे कदाचित माझ्यासारखे असतील. काळजी असते, पण काय बोलावं ते कळत नाही. आम्हाला उपयोग झाला तो एका गोष्टीचा. ती मला तिच्या फॉलोअपला घेऊन गेली आणि जेवण २०-३० मिनिटं का लागतं, जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी का नाही, घाई केली तर छातीत कसं अडकतं, हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. त्यानंतर "अजून एक घास घे" हे आमच्या घरातून गेलं. आता जेवण झालं की ती उठून जात नाही. आम्ही टेबलावर पत्ते मांडतो. हातांना काम मिळतं.

पिंपळपान, तुमच्यासोबत चालायला घरची माणसं आली तर चालतात का?

पिंपळपान

उंबरठा, कधीमधी एखादी फेरी घरच्यांसोबत ठेवतो, आणि ती छान होते. पण नेहमीच्या फेरीत नाही. नवरा बाजूला असला की आमची एकजण त्याला वाईट वाटू नये म्हणून अर्धं बोलणं गिळून टाकते. पत्त्यांची कल्पना मी आमच्यात सांगणार आहे.

नवाश्वास

काल सर्जनशी बोललो. त्यांनी लगेच बोलावून तपासलं. गळती नाही, गॅसचंच आहे, पण मी फारच कमी चालत होतो म्हणून रागावले. पाणीही कमी पडत होतं. कंदील, आभार. फोन केला नसता तर रात्रभर घाबरत बसलो असतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. उंबरठा यांची पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली. तो काही बोलला नाही, पण पुढच्या फॉलोअपची तारीख त्यानं स्वतःहून विचारली.

नर्सबाईंना फोन केला. त्यांनी एका बाईंना विचारलंय, त्यांचं स्लीव्ह होऊन दोन वर्षं झाली आहेत. त्या या आठवड्यात फोन करतील. उदासीचंही डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी समुपदेशकांची वेळ घेऊन दिली. प्रोटीन मोजलं, तर जेमतेम ४० ग्रॅमपर्यंत जातंय, तेव्हा तेही डाएटिशियनशी बोलायचं आहे.

पिंपळपान, एकच विचारते. अनोळखी बाईंशी पहिल्याच फोनवर बोलायचं काय? मला आत्ताच धडधडतंय.

पिंपळपान

रानजाई, स्वतःबद्दल सगळं सांगायची घाई करू नका. त्यांना विचारा. वजन अडकलं तेव्हा काय केलं, केस कधी थांबले, लोकांना ऑपरेशनचं सांगितलं की नाही, कुणाला सांगितलं. हे प्रश्न सगळ्यांना सोपे जातात, कारण उत्तरं तयार असतात. मला त्या रांगेतल्या मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गोड खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडून घाम फुटला तर घाबरू नकोस, त्याला डंपिंग म्हणतात, आडवी हो आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांग. काही दिवसांनी मला अगदी तसंच झालं आणि मी घाबरले नाही. तेवढ्यावर आमची मैत्री जमली.

फोन जमला नाही, सूर जुळला नाही, तर नर्सबाईंना दुसरं नाव मागा. त्यात त्या बाईंचा अपमान नाही आणि तुमचाही नाही. आमच्यातल्या एकीला तिची मैत्रीण तिसऱ्या नावाला मिळाली. आणि बोलून झाल्यावर वाटलं तर इथे लिहा, मी बघत असते.